‘द डीप’ : दर्यातून एकटाच परत आलेल्या खलाशाचा चित्रपट

जाळे तळाला अडकले, विंचवरची, म्हणजे जाळे ओढणाऱ्या यंत्रावरची, वायर ताठ झाली आणि बोट एका अंगाला कलू लागली, तेव्हा पडद्यावरच्या खलाशांच्या आधी आमचे नाना ओरडले, ‘वायर तोर, आधी वायर तोर!’ नाना म्हणजे माझे चुलते. त्यांचे सारे आयुष्य नवी मुंबईतल्या दिवाळे गावात गेले. खाडीतली मासळी कमी होत गेली तसे ते तरुणपणी मुंबईच्या ससून डॉकच्या ट्रॉलरवर, म्हणजे तळाशी जाळे ओढत जाणाऱ्या बोटीवर, खलाशी म्हणून जाऊ लागले आणि पुढे तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, झाले. इंग्रजी त्यांना येत नाही, आइसलँड कुठे आहे हे मी त्यांना त्याच दुपारी नकाशावर दाखवले होते, आणि तरीही तो प्रसंग त्यांना कोणी समजावून सांगावा लागला नाही. जुलै महिना होता, यांत्रिक बोटींची पावसाळी बंदी चालू होती, बेलापूरमध्ये सकाळपासून पाऊस लागून राहिला होता, म्हणून नाना दुपारीच आमच्याकडे येऊन बसले होते. एरवी टीव्हीसमोर दहा मिनिटांत डुलकी घेणारा हा माणूस त्या दिवशी दीड तास पाठ न टेकता बसला.

‘द डीप’ हा २०१२ सालचा आइसलँडचा चित्रपट आहे. मूळ भाषेतले नाव ‘ड्यूपिद’, दिग्दर्शक बाल्टासार कोरमाकुर, लांबी सुमारे ९५ मिनिटे. त्या वर्षी आइसलँडने तो ऑस्करच्या परभाषिक विभागासाठी पाठवला होता आणि तो शेवटच्या नऊ चित्रपटांच्या यादीपर्यंत पोहोचला होता. कथा खरी आहे. ११ मार्च १९८४ च्या रात्री आइसलँडच्या दक्षिणेला असलेल्या वेस्टमन बेटांजवळ हेलिसे नावाची मासेमारी बोट उलटली. बोटीवर पाच जण होते. त्यांपैकी गुदलॉयगुर फ्रिदथॉर्सन हा २२ वर्षांचा खलाशी पाच-सहा अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात पाच ते सहा तास पोहत, पाच-सहा किलोमीटर अंतर कापून किनाऱ्याला लागला. बाकीचे चौघे गेले. चित्रपटात या माणसाचे नाव गुल्ली आहे आणि ओलाफुर दारी ओलाफसन या थोराड, जाडजूड नटाने त्याची भूमिका केली आहे. शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे हा वाचणार की नाही या प्रश्नावर चित्रपट उभा राहू शकत नाही, आणि तो तसा उभा राहण्याचा प्रयत्नही करत नाही, हे मला त्याचे पहिले मोठेपण वाटते.

समुद्रात हरवलेल्या माणसांवरचे बहुतेक चित्रपट समुद्राला राक्षस करतात. डोंगराएवढ्या लाटा, विजा, कर्कश संगीत आणि पाण्याशी झुंजणारा देखणा नायक असा तो सगळा थाट असतो. इथे समुद्र ही कामाची जागा आहे. आदल्या रात्री गावातल्या दारूच्या गुत्त्यात बसलेले हे खलाशी सकाळी अर्धवट झोपेत, थंडीने आखडलेल्या अंगाने बंदरावर येतात, बोटीवर चढतात, जाळे सोडतात, चहा-कॉफी पितात, एकमेकांना टोमणे मारतात आणि पुन्हा कामाला लागतात. हा भाग बराच चालतो आणि एखाद्या प्रेक्षकाला तो कंटाळवाणा वाटू शकेल. नानांना मात्र याच भागात सर्वांत जास्त बोलायचे होते. डेकवरची ओली दोरी कुणी कशी गुंडाळली, नवा पोरगा कुठे उभा राहिला आणि तो तिथे का उभा राहता कामा नये, विंचवर हात कुणाचा आहे, हे सगळे ते मला दाखवत होते. चित्रपट करणाऱ्याने ही बारीकसारीक कामे खऱ्या बोटीवर पाहून घेतली असली पाहिजेत, असे त्यांचे मत पहिल्या वीस मिनिटांतच पक्के झाले. तोवर मी इंग्रजी उपशीर्षके वाचून त्यांना मराठीत सांगत होते. पुढे बोट उलटल्यावर मी सांगणे बंद केले, कारण तिथे बोलणे फारसे उरत नाही आणि जे उरते ते त्यांना चेहऱ्यावरूनच कळत होते.

बोट उलटण्याचा प्रसंग फार झटपट येतो आणि संपतो. ट्रॉलरचे जाळे समुद्राच्या तळाशी खडकाला किंवा बुडालेल्या एखाद्या वस्तूला अडकले, तर बोट अचानक नांगरल्यासारखी होते. इंजिनाचा जोर आणि लाटेचा धक्का दोन्ही त्या एकाच वायरवर येतात, आणि ती ओढ बाजूने असेल तर बोट आडवी व्हायला फार वेळ लागत नाही. नानांच्या म्हणण्याप्रमाणे अशा वेळी जाळ्याचा मोह सोडणे हेच सर्वांत कठीण असते, कारण ते जाळे नाखवाने, म्हणजे बोटीच्या मालकाने, कर्ज काढून घेतलेले असते आणि ते तोडले तर उद्या त्याला तोंड कसे दाखवायचे हा विचार खलाशाच्या डोक्यातून जात नाही. चित्रपटात हा विचार कुणीही बोलून दाखवत नाही, परंतु विंचजवळ उभ्या असलेल्या माणसांच्या त्या क्षणभराच्या चुळबुळीत तो दिसतो. पुढच्या काही सेकंदांत दिवे पाण्याखाली जातात.

त्यानंतरचा सुमारे अर्धा तास हा या चित्रपटाचा गाभा आहे. उलट्या बोटीच्या तळावर चढून बसलेली माणसे, मग बोटही खाली गेल्यावर एकमेकांना हाका मारत पोहणारी माणसे, मग दोनच हाका, मग एकच. मित्राचा आवाज बंद होतो तेव्हा कॅमेरा त्याला शोधायला जात नाही, गुल्लीच्या चेहऱ्यावरच थांबतो. बहुतेक चित्रीकरण हौदात न करता खऱ्या समुद्रात केले आहे आणि त्याचा फरक पडद्यावर जाणवतो. काळ्या पाण्याला एक जडपणा आहे, लाट नटाच्या तोंडावर अवेळी येते, त्याचा श्वास वाक्याच्या मध्येच तुटतो, आणि हे सगळे अभिनयाने आणलेले नाही हे पाहणाऱ्याला कळते. क्षितिजावर बेटाचे दिवे दिसतात आणि प्रत्येक उंच लाटेबरोबर नाहीसे होतात. डोक्यावर समुद्रपक्षी घिरट्या घालतात आणि गुल्ली त्यांच्याशी बोलू लागतो. हा चित्रपट योन आत्ली योनासन यांच्या एकपात्री नाटकावरून घेतलेला आहे आणि त्या नाटकाची खूण या बोलण्यात राहिली आहे. गुल्ली देवाकडे आयुष्य मागत नाही, एक दिवस मागतो. त्या एका दिवसात त्याला देणी फेडायची आहेत, काही माणसांना भेटायचे आहे आणि आजवर जे बोलायचे राहून गेले ते बोलायचे आहे. मी हे नानांना मराठीत सांगितले तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली.

इथे थंडीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ते कळले नाही तर या पोहण्याचे मोल कळणार नाही. पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. पाच अंशांच्या पाण्यात पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्या काही मिनिटांत स्वतःच्या ताब्यात राहत नाही, अर्ध्या तासाच्या आत हातापायांचे स्नायू ऐकेनासे होतात आणि त्यानंतर शरीराचे आतले तापमान उतरू लागते. म्हणूनच या माणसाचे पाच-सहा तास पोहणे डॉक्टरांना विश्वास ठेवण्यापलीकडचे वाटले. तो सव्वा सहा फुटांहून उंच आणि जवळपास १२५ किलो वजनाचा होता, आणि तपासणीत त्याच्या त्वचेखालचा चरबीचा थर सर्वसाधारण माणसाच्या दुप्पट-तिप्पट जाड आणि सीलच्या चरबीसारखा घट्ट आढळला. आपल्या किनाऱ्यावरच्या खलाशाला ही थंडी परकी आहे. अरबी समुद्राचे पाणी मुंबईजवळ बहुतेक काळ पंचवीस अंशांच्या पुढेच असते, त्यामुळे आपल्याकडे बोट भरकटली तर माणसाला मारते ती तहान आणि ऊन. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्के मीठ असते, आपल्या मूत्रपिंडांना त्याहून कितीतरी कमी क्षाराचे पाणीच बाहेर टाकता येते, आणि म्हणून खारे पाणी पिणारा माणूस प्यायला त्याहून अधिक पाणी गमावून बसतो. नानांची बोट एकदा इंजिन बंद पडून दोन रात्री भरकटली होती. पिंपातले पाणी त्यांनी माणशी अर्धा पेला असे वाटले होते आणि पिंपाचे झाकण स्वतःच्या मांडीखाली ठेवले होते. दुसऱ्या बोटीने ओढून आणेपर्यंत त्या झाकणावरून कुणाशी काय बोलणे झाले, हे त्यांनी आम्हाला इतक्या वर्षांत प्रथमच त्या दुपारी सांगितले.

चित्रपटातली पाण्याची गोष्ट किनाऱ्यावर येते. गुल्ली ज्या कड्याखाली पोहोचतो तिथून वर चढणे शक्य नसते, म्हणून हाताला लागलेली जमीन सोडून तो पुन्हा समुद्रात उतरतो आणि पुढे पोहत जातो. हे खऱ्या घटनेतही असेच घडले होते आणि सबंध चित्रपटात मला सर्वांत असह्य झालेला क्षण हाच आहे. वर चढल्यावर लाव्हाच्या धारदार खडकांवरून अनवाणी चालत तो गावाकडे निघतो. वाटेत मेंढ्यांना पाणी पिण्यासाठी ठेवलेला एक टब आहे, वर बर्फाची खपली धरली आहे. तो मुठीने बर्फ फोडतो आणि तोंड घालून पाणी पितो. कॅमेरा जवळ आहे, पण आक्रोश नाही. बर्फाच्या कडेवर रक्त आणि त्याखाली काळे पाणी, इतकेच. इतके तास पाण्यात राहिलेल्या माणसाला घोटभर पाण्यासाठी झगडावे लागते, हे दिग्दर्शकाने एकही शब्द न वापरता दाखवले आहे.

तो लाव्हा कुठून आला, हे सांगण्यासाठी चित्रपट मधूनमधून मागे जातो. २३ जानेवारी १९७३ च्या पहाटे वेस्टमन बेटांपैकी गुल्लीच्या याच हेमाए बेटावर जमीन फाटून ज्वालामुखी उसळला होता. आदल्या दिवशीच्या वादळामुळे बेटावरच्या मासेमारी बोटी बंदरातच होत्या आणि मुख्यतः त्या बोटींतूनच पाच हजारांहून अधिक रहिवासी काही तासांत सुखरूप बाहेर काढले गेले. पुढे बंदराचे तोंड लाव्हाने बुजू नये म्हणून त्यावर महिनोन्‌महिने समुद्राचे पाणी मारण्यात आले. लहानपणी घर सोडून गेलेला गुल्ली आणि राखेखाली गेलेले घर हे प्रसंग जुन्या घरगुती चित्रफितीसारख्या खरखरीत, विटक्या रंगांत येतात. त्यामागचा विचार चांगला आहे: या बेटावरच्या माणसाला पाणी आणि आग दोन्ही शेजारचीच. परंतु या तुकड्यांची संख्या जास्त झाली आहे, आणि दोन-तीनदा तरी ते समुद्रातला ताण नेमका वाढत असताना मध्ये येतात. तिथे मी कंटाळले नाही, पण पाण्यातून बाहेर काढल्यासारखे वाटले आणि पुन्हा आत जायला वेळ लागला.

गुल्ली दारापर्यंत पोहोचतो तेव्हा बराच चित्रपट शिल्लक असतो आणि इथून पुढे नानांचे आणि माझे मत वेगळे झाले. इस्पितळ, वडिलांची भेट, पत्रकार आणि मग शास्त्रज्ञ, असा हा भाग आहे. शास्त्रज्ञ त्याला परदेशात नेऊन बर्फाळ पाण्याच्या हौदात बसवतात. सोबत बसलेले धडधाकट जवान एकेक करून बाहेर पडतात आणि हा बसून राहतो. माझ्या मते हा भाग घाईत उरकला आहे. शास्त्रज्ञांना नेमके काय शोधायचे होते आणि त्यांना काय मिळाले हे अर्धवटच कळते, आणि समुद्रात जी एकाग्रता होती ती या पांढऱ्या खोल्यांत राहत नाही. नानांना मात्र हाच भाग जास्त खरा वाटला. त्यांचे म्हणणे असे की, पाण्यातून वाचणे हे अर्धेच वाचणे असते. गावात परत आल्यावर लोक तुझ्याकडे कसे पाहतात, तू एकटाच कसा आलास हे तोंडाने न विचारता कसे विचारतात, ते सोसणे म्हणजे उरलेले अर्धे. त्यांच्या ओळखीतला एक खलाशी आहे, ज्याच्या बोटीवरचे दोघे परत आले नाहीत. एका सोबत्याच्या घराचा उंबरा ओलांडायला त्या माणसाला वर्ष लागले होते. गुल्ली आपल्या बुडालेल्या मित्राच्या बायकामुलांकडे जातो तो प्रसंग आला, तेव्हा नानांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. या प्रसंगानंतर माझे मत थोडे बदलले. प्रयोगशाळेचा भाग अजूनही मला कच्चा वाटतो, परंतु तो नसता तर चित्रपट केवळ पराक्रमाची गोष्ट झाला असता. गुल्लीला स्वतःला यात पराक्रम दिसतच नाही. तो चकित आणि काहीसा शरमलेला आहे, आणि कौतुक करणाऱ्यांपुढे अंग चोरून बसतो. ओलाफुर दारी ओलाफसन यांनी हे अवघडलेपण इतक्या साधेपणाने केले आहे की ही भूमिका दुसऱ्या कुणी केल्याची कल्पना करवत नाही.

दोष आणखीही आहेत. बाकीचे चार खलाशी पुरेसे उभे राहत नाहीत. एकाचे घर आणि मुले आपल्याला दिसतात, पण उरलेल्यांची आठवण बोट बुडाल्यावर चेहऱ्यांपेक्षा आवाजांनीच राहते. बायका तर आणखी मागे आहेत. मासेमारीच्या गावात बोट गेल्यानंतर किनारा बायकाच धरून ठेवतात, बाजारही त्याच करतात आणि वाटही त्याच पाहतात. दिवाळ्याच्या मासळी बाजारात पहाटे एकदा उभे राहिले तरी हे कळते. त्या बाजूला कॅमेरा थोडा अधिक वळला असता तर परत येणाऱ्या एकट्या माणसाचे ओझे आणखी स्पष्ट झाले असते.

पैशांविषयी. आइसलँडची लोकसंख्या त्या वेळी सुमारे ३ लाख २० हजार होती, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या आपल्या नवी मुंबईच्या एक तृतीयांशाहूनही कमी. एवढ्या लोकांच्या भाषेत काढलेल्या चित्रपटाला मोठा खर्च परवडणारा नसतो आणि तो इथे दिसतही नाही. एक बोट, एक गाव, एक समुद्र आणि एक नट. पण हात आखडता असल्यामुळेच दिग्दर्शकाला निवड करावी लागली आहे, आणि ज्या ठिकाणी पैसा असता तर वादळ दाखवले गेले असते त्या ठिकाणी इथे एका माणसाचा श्वास ऐकू येतो. मला वारंवार आपल्या किनाऱ्याची आठवण होत राहिली. आपल्याकडे डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्र आहे, ठाण्याची खाडी आहे, २००९ च्या नोव्हेंबरातले फयान वादळ अजून कोकणातल्या घराघरांत आठवणीत आहे, आणि तरी पडद्यावर कोळी दिसतो तो बहुधा नाचताना. एक बोट आणि पाच माणसे घेऊन, आगरी-कोळी बोलीतच, असा चित्रपट करता येईल. त्याला थंडीऐवजी तहान लागेल आणि ज्वालामुखीऐवजी भराव घालून बुजवलेली खाडी लागेल. तो पाहायला मी पहिल्या दिवशी तिकीट काढून जाईन.

पाहणाऱ्यांसाठी दोन-तीन सूचना. हा चित्रपट मोबाइलवर पाहू नये. निम्मा चित्रपट अंधारात आहे आणि लहान पडद्यावर पाणी आणि आकाश वेगळे कळत नाही. खोलीतले दिवे घालवावेत. आवाज चांगला असावा, कारण हाका किती दूरवरून येतात यावरच पुष्कळ काही अवलंबून आहे. आम्ही पाहिलेल्या प्रतीला इंग्रजी उपशीर्षके होती. घरात इंग्रजी न येणारे वडीलधारे असतील तर पहिला अर्धा तास आणि इस्पितळानंतरचा भाग कुणीतरी वाचून सांगावा, मधल्या भागात गप्प बसावे. रक्तपात नाही, पण बुडणाऱ्या माणसांच्या हाका लहान मुलांना झेपणाऱ्या नाहीत. दहा-बारा वर्षांच्या आतल्या मुलांना दाखवू नये असे मला वाटते. शेवटची श्रेयनामावली सुरू झाली म्हणून उठू नये, कारण तिथे खऱ्या गुदलॉयगुरची त्या काळातली चित्रफीत आहे. इस्पितळातल्या खाटेवरचा तो तरुण प्रश्नांना थोडक्यात, खालच्या आवाजात उत्तरे देतो, आणि नटाने किती कमी घालून किती अचूक काम केले आहे हे तेव्हा कळते.

नानांनी तो भाग दोनदा लावायला सांगितला. मग त्यांनी मुलाला फोन करून बोटीवरची लाइफ जॅकेटे कुठे आहेत ते विचारले. ती बर्फाच्या खणाखाली, जाळ्यांच्या मागे होती. बंदी उठायच्या आत ती वर काढून केबिनच्या दाराशी टांगायची, असे त्यांनी सांगितले, आणि पुढच्या रविवारी सगळ्या खलाशांना घेऊन येतो, त्यांनाही हे दाखव, म्हणाले. आमच्या हॉलमध्ये सात माणसे जेमतेम मावतील. मी चटया काढून ठेवल्या आहेत.